टाकाऊ वनस्पतिद्रव्यांतून जलशुद्धी

सुगी आटोपली की भंडारा-गोंदियाकडील भात गिरण्यांच्या मागे तुसाचे ढीग उभे राहतात, वऱ्हाडातील शेतांत पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या जातात आणि कोकणातील परसांत नारळाच्या करवंट्या साचत जातात. यांतील काही भाग चुलीत, तर काही बॉयलरमध्ये जातो. उरलेला पुष्कळदा जागेवरच पेटवून दिला जातो. दुसरीकडे, गावोगावच्या विहिरी, ओढे व नद्या यांचे पाणी निःशंकपणे प्यावे अशी स्थिती आता राहिलेली नाही. कोठे कारखान्यातील सांडपाण्याचा रंग त्यात मिसळतो, कोठे शेतातील खतांचे नायट्रेट झिरपते, तर कोठे भूगर्भातील खडकांतूनच फ्लोराइड उतरते. हाताशी असलेल्या टाकाऊ मालाच्या साहाय्याने हे दूषित पाणी शुद्ध करता येईल काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. परंतु त्यास एक महत्त्वाची अट आहे. अशा प्रत्येक द्रव्याच्या अंगी पाण्यातील काही ठरावीक दोषच काढून घेण्याची शक्ती असते. बाकीचे दोष ते जसेच्या तसे ठेवते. पाण्यात नेमका दोष कोणता हे न पाहता एखादे द्रव्य योजल्यास पाणी दिसावयास नितळ, पण पिण्यास अपायकारक राहण्याचा धोका संभवतो. ग्रामपंचायतींचे सदस्य, शिक्षक व अधिकारी यांनी ही गोष्ट प्रथम समजून घेणे आवश्यक आहे.

निवळीची परंपरा

वनस्पतींच्या साहाय्याने पाणी स्वच्छ करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. गढूळ पाणी निवळविणाऱ्या द्रव्यांची जी यादी सुश्रुतसंहितेत दिलेली आहे, तीत कतक, कमळाचा कंद व शेवाळाचे मूळ यांचा समावेश आहे. कतक म्हणजेच निवळीचे बी. या झाडाचे मराठी नावच त्याच्या गुणावरून पडलेले आहे. निवळीचे बी मडक्याच्या आतील बाजूस घासले असता त्यातील द्रव्य पाण्यात उतरते, मातीचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटतात, जड होतात व तळाशी बसतात. घरोघरी तुरटी फिरविली जाते ती याच तत्त्वावर.

शेवग्याच्या बियांतही हा गुण आहे. सुदानमध्ये नाईल नदीचे गढूळ पाणी निवळविण्यासाठी तेथील स्त्रिया या बियांचा वापर करीत आल्या आहेत. सामिया अल् अझारिया यान या संशोधिकेने १९७० च्या दशकात या प्रथेचा शास्त्रीय अभ्यास केला. शेवग्याच्या बियांतील काही प्रथिनांवर धन विद्युत्‌भार असतो, तर पाण्यातील मातीच्या कणांवर बहुधा ऋण भार असतो. दोहोंचे आकर्षण होऊन कणांचे पुंजके बनतात. विशेष म्हणजे ही प्रथिने पाण्यात विरघळणारी असल्याने बियांचे तेल काढून घेतल्यावरही ती मागे राहतात. त्यामुळे तेलासाठी बी वापरून उरलेली पेंड निवळण्याच्या कामी येऊ शकते.

तथापि या उपायाची मर्यादाही ध्यानी घ्यावयास हवी. गाळाबरोबर बरेचसे जंतू तळाशी जातात, पण सर्व जात नाहीत. शिवाय बियांतील काही सेंद्रिय अंश पाण्यात राहत असल्याने असे पाणी फार वेळ साठवून ठेवता येत नाही. त्यात उरलेले जंतू पुन्हा वाढू लागतात. निवळलेले पाणी उकळणे किंवा त्यात क्लोरीन घालणे यांस पर्याय नाही.

अधिशोषणाचे तत्त्व

निवळण्याच्या क्रियेने पाण्यात तरंगणारे कण जातात. विरघळलेली द्रव्ये जात नाहीत. त्यांपैकी काहींसाठी अधिशोषणाची क्रिया उपयोगी पडते. स्पंजाने पाणी आत ओढून घ्यावे ते शोषण होय. एखाद्या घन पदार्थाच्या पृष्ठभागावर दुसऱ्या पदार्थाचे रेणू चिकटून राहिले, तर त्यास अधिशोषण म्हणतात. पृष्ठभाग जितका मोठा, तितके अधिक रेणू धरून ठेवण्याची शक्ती अधिक.

लाकडाच्या कोळशाचा हा गुण अठराव्या शतकात लक्षात आला. कोळसा वायू धरून ठेवतो, हे शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७३ मध्ये दाखविले. त्यानंतर १७८५ मध्ये लोव्हिट्झ या शास्त्रज्ञास कोळशाने द्रावणाचा रंग नाहीसा होतो असे आढळले. पुढे साखर शुभ्र करण्यासाठी कोळशाचा वापर होऊ लागला आणि पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांत करवंटीचा कोळसा भरण्यात आला.

साध्या कोळशापेक्षा सक्रियित कोळसा अनेक पटींनी प्रभावी असतो. तो तयार करण्याची रीत दोन टप्प्यांची आहे. प्रथम करवंटी अपुऱ्या हवेत सुमारे ४०० ते ६०० अंश सेल्सिअस तापमानाला तापवितात. तिच्यातील पाणी, धूर व डांबरासारखे पदार्थ निघून जातात आणि कोळसा उरतो. नंतर तो ८०० ते १,००० अंशांवर वाफेच्या सान्निध्यात ठेवतात. वाफ कोळशाचे कण आतून पोखरते व त्यांत अतिसूक्ष्म छिद्रांचे जाळे तयार होते. अशा एक ग्रॅम कोळशाच्या अंतर्गत पृष्ठभागाचे क्षेत्रफळ साधारणतः ५०० ते १,५०० चौरस मीटर भरते. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३० चौरस मीटरांचे असते. म्हणजे चिमूटभर कोळशात सात-आठ मैदाने सामावलेली असतात, असे विद्यार्थ्यांस सांगता येईल.

करवंटी घट्ट व कठीण असल्याने तिच्या कोळशातील छिद्रे फार बारीक असतात आणि तो पाण्याच्या प्रवाहात सहजी झिजत नाही. यामुळे पिण्याच्या पाण्याच्या गाळण्यांत त्याला मोठी मागणी असते. लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफले, पऱ्हाट्या व उसाची चिपाडे यांपासूनही सक्रियित कोळसा बनविता येतो. त्यासाठी वाफेऐवजी फॉस्फोरिक आम्ल किंवा झिंक क्लोराइड यांसारखी रसायनेही वापरतात. अशा वेळी कोळसा धुतलेले रासायनिक पाणी कोठे सोडावयाचे, याची सोय आधी करावी लागते. अन्यथा पाणी शुद्ध करणारे द्रव्य बनविताना दुसरीकडचे पाणी दूषित होते.

तुसाची राख : पुण्यातील प्रयत्न

भाताच्या वजनाचा सुमारे एक पंचमांश भाग तुसाचा असतो. तूस जाळल्यावर पुन्हा त्याच्या सुमारे एक पंचमांश राख उरते. म्हणजे एक टन भात भरडल्यास सुमारे २०० किलो तूस व त्यातून सुमारे ४० किलो राख मिळते. या राखेत सिलिकेचे प्रमाण ८५ ते ९५ टक्क्यांपर्यंत असते आणि तिची रचना सच्छिद्र असते. गिरण्यांच्या बॉयलरमधून निघणारी ही राख टाकावयाची कोठे, हा गिरणीमालकांपुढील जुना प्रश्न आहे.

पुणे येथे १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्राने या राखेपासून घरगुती गाळणी तयार करण्याचे काम हाती घेतले. राख, सिमेंट व खडी यांचा थर बसविलेली ही गाळणी ‘सुजल’ या नावाने ओळखली गेली. विजेशिवाय व नळाच्या दाबाशिवाय चालणे हा तिचा विशेष होता. पाण्याचा गढूळपणा, वास व बरेचसे जंतू तिने कमी होत असत. मात्र बरेचसे जंतू जाणे आणि सर्व जंतू जाणे यांत पिणाऱ्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. पुढे डिसेंबर २००९ मध्ये याच धर्तीवरील ‘टाटा स्वच्छ’ हे उपकरण बाजारात आले, तेव्हा राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसविण्यात आले होते. जंतूंचा नाश करण्याचे काम चांदीकडे होते. त्यातील शोधक भागाची क्षमता ३,००० लिटर ठरविलेली होती व ती संपली की नवा भाग बसवावा लागे.

या उदाहरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. टाकाऊ राख उपयोगी पडली, पण जंतूंसाठी तिला दुसऱ्या द्रव्याची जोड द्यावी लागली. तसेच शोधक द्रव्याचे आयुष्य मोजलेले असते, हे उपकरण बनविणाऱ्यांनी गृहीत धरले. गावात एखादी गाळणी बसविताना नेमक्या याच दोन गोष्टींचा विसर पडण्याची शक्यता असते.

काय निघते आणि काय राहते

सक्रियित कोळशाने पाण्याचा रंग, दुर्गंधी, अनेक कीटकनाशके व इतर पुष्कळ सेंद्रिय द्रव्ये काढता येतात. फ्लोराइड, नायट्रेट व पाण्याला खारटपणा आणणारे क्षार यांवर साध्या कोळशाचा फारसा परिणाम होत नाही. शिसे, क्रोमियम यांसारखे धातू काही प्रमाणात धरले जातात. पण ते प्रमाण पाण्याची आम्लता व कोळशाचा प्रकार यांवर अवलंबून असते.

चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आढळते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालावे, असे भारतीय मानक आहे. त्याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास मुलांच्या दातांवर डाग पडतात व पुढे हाडे आणि सांधे जखडतात. हे पाणी मुळातच नितळ असते. ते कोळशातून गाळले किंवा उकळले, तरी त्यातील फ्लोराइड जात नाही. त्यासाठी निराळी पद्धत लागते. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात विकसित केलेली, तुरटी व चुना वापरणारी ‘नलगोंडा पद्धत’ हे तिचे परिचित उदाहरण होय. अशा गावात करवंटीच्या कोळशाची गाळणी बसवून ‘शुद्ध पाणी’ असा फलक लावणे म्हणजे ग्रामस्थांना खोटा दिलासा देणे ठरेल.

क्लोरीनच्या बाबतीतही अशीच चूक होऊ शकते. गावाच्या टाकीत टीसीएल पावडर घातल्यानंतर नळाच्या शेवटच्या टोकापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहणे अपेक्षित असते. जलसुरक्षक ओ.टी. चाचणीने हेच पाहतो. सक्रियित कोळसा क्लोरीनही नाहीसा करतो. म्हणून टीसीएल घातलेले पाणी नंतर कोळशातून गेले, तर संरक्षक क्लोरीन निघून जाते आणि ओलसर कोळशाच्या थरात जंतूंची वाढ होण्यास वाव मिळतो. सार्वजनिक योजनेत कोळशाची गाळणी आधी व टीसीएल नंतर, हा क्रम पाळला गेला पाहिजे.

रंगीत सांडपाणी : एक हिशेब

वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्यातील रंग काढण्यासाठी वनस्पतिजन्य द्रव्यांचा उपयोग होण्यास पुष्कळ वाव आहे. जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम १९७४ मध्ये अस्तित्वात आला व सांडपाणी प्रक्रियेविना सोडण्यास त्याने प्रतिबंध केला. लहान कारखान्यांना तयार सक्रियित कोळसा महाग पडतो. म्हणून भुसा, चिपाडे व तूस यांच्याकडे संशोधकांचे लक्ष वळले. परंतु स्वस्त द्रव्य निवडताना पुढील हिशेब करून पाहणे इष्ट ठरेल.

समजा, एका कारखान्यातून दररोज १ लाख लिटर सांडपाणी निघते व त्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅम रंगद्रव्य आहे. म्हणजे दररोज ५ किलो रंगद्रव्य काढावयाचे आहे. वापरलेला भुसा जर ग्रॅममागे २० मिलिग्रॅम रंग धरीत असेल, तर दररोज २५० किलो भुसा लागेल. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरल्यास ७५ टन भुसा रंगाने भरून बाहेर पडेल आणि ओला असल्याने त्याचे वजन याहूनही अधिक भरेल. ग्रॅममागे २०० मिलिग्रॅम रंग धरणारा सक्रियित कोळसा वापरल्यास हेच काम दररोज २५ किलोंत भागेल. त्याची किंमत अधिक असली, तरी विल्हेवाट लावावयाचा माल एक दशांश होईल.

पाण्यातून काढलेला रंग किंवा धातू नाहीसा होत नाही. तो पाण्यातून द्रव्यावर येतो एवढेच. वापरलेला भुसा शेतात टाकला किंवा ओढ्याकाठी साठविला, तर पहिल्या पावसाबरोबर तो दोष पुन्हा पाण्यात उतरू शकतो. नद्यांतील जलपर्णीबाबतही हीच दक्षता हवी. जलपर्णीची मुळे पाण्यातील धातू शोषून घेतात. म्हणून कारखान्यांच्या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी तपासणीवाचून कंपोस्ट खतासाठी वापरणे योग्य नव्हे.

शाळेत करावयाचा प्रयोग

वरील विषय माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांस एका साध्या प्रयोगाने समजावून देता येतो. त्यासाठी लाकडी कोळसा बारीक कुटून दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावा. एका बाटलीत एक पेला पाणी घेऊन त्यात चमचाभर मीठ विरघळवावे व शाईचे दोन-तीन थेंब टाकावेत. दुसऱ्या बाटलीत नुसते पाणी घ्यावे. दोन्ही बाटल्यांत समान प्रमाणात, मूठभर कोळसा घालून त्या अधूनमधून हलवाव्यात व एक दिवस ठेवून द्याव्यात. दुसऱ्या दिवशी पाणी गाळणकागदातून गाळून घ्यावे.

शाईचा रंग बराच फिका झालेला दिसेल. प्रयोगशाळेत सक्रियित कोळसा उपलब्ध असल्यास फरक अधिक ठळक दिसतो. आता दोन्ही गाळीव पाण्यांचे प्रत्येकी दोन चमचे वेगवेगळ्या बशांत घेऊन उन्हात वाळवावे. पहिल्या बशीत मिठाचा पांढरा थर उरतो, दुसरीत जवळजवळ काहीच उरत नाही. रंग गेला, मीठ राहिले. ‘पाणी रंगहीन झाले म्हणजे ते शुद्ध झाले काय?’ हा प्रश्न त्या वेळी विद्यार्थ्यांस विचारावा व उत्तर त्यांनाच शोधू द्यावे. प्रयोगातील पाणी कोणीही पिऊ नये, ही सूचना शिक्षकांनी आरंभीच द्यावी.

ग्रामपंचायतीने पाहावयाच्या बाबी

एखादी संस्था किंवा विक्रेता वनस्पतिजन्य गाळणीचा प्रस्ताव घेऊन आल्यास ग्रामपंचायतीने निर्णयापूर्वी पुढील बाबींची खातरजमा करावी.

पहिली बाब म्हणजे पाण्याचा तपासणी अहवाल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याची रासायनिक व जैविक तपासणी करून घ्यावी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद करण्यात आली. त्यांचे साहाय्य प्राथमिक तपासणीस घेता येईल. दोष कळल्याखेरीज उपाय ठरवू नये.

दुसरी बाब म्हणजे गाळणीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा अहवाल. तो गाळणी नवी असतानाचा एकच असून भागत नाही. काही हजार लिटर पाणी गेल्यावर तिची शक्ती किती उरते, हे दुसऱ्या व तिसऱ्या तपासणीवरूनच कळते. शोधक द्रव्य किती लिटरांनंतर बदलावयाचे, ते कोण बदलणार व त्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली पडणार, हे ठरावात नमूद असावे.

तिसरी बाब वापरलेल्या द्रव्याच्या विल्हेवाटीची. नुसता गढूळपणा व वास काढलेले द्रव्य आणि धातू किंवा औद्योगिक रंग धरलेले द्रव्य यांत भेद करावा. दुसऱ्या प्रकारच्या मालासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा सल्ला घ्यावा.

चौथी बाब कच्च्या मालाची. ज्यास टाकाऊ म्हटले जाते, ते गावात खरोखरच टाकाऊ आहे काय, हे पाहावे. साखर कारखान्यांतील बगॅस बॉयलरमध्ये जळते व तिच्यावर वीज तयार होते. पऱ्हाट्या अनेक घरांचे सरपण आहेत. उसाचे पाचट शेतात आच्छादन म्हणून ठेवल्यास जमिनीची ओल टिकते. असा माल गाळणीसाठी वळविला, तर त्याची उणीव कोणाला तरी भरून काढावी लागते. ज्याचा आज काहीच उपयोग होत नाही, अशा द्रव्यापासून आरंभ करणे श्रेयस्कर होय.

भाताच्या पट्ट्यात राख आणि किनाऱ्यावर करवंटी मुबलक आहे. तिचे रूपांतर करण्याचे शास्त्रही उपलब्ध आहे. या द्रव्यांना त्यांच्या आवाक्यातील काम दिले, तर ती स्वस्तात व चोख करतात. त्यांच्या आवाक्यात काय येते, हे मात्र प्रत्येक गावाने आपल्या पाण्याचा अहवाल समोर ठेवूनच ठरवावयाचे आहे. यास्तव गाळणीच्या खरेदीचा ठराव ग्रामसभेपुढे येईल, तेव्हा त्यास पाण्याचा तपासणी अहवाल जोडलेला आहे किंवा नाही, हे सदस्यांनी सर्वप्रथम पाहावे.